हापूस, व्हाया लासलगाव

संध्याकाळी न्यू जर्सीहून मामेबहिणीचा फोन आला. तिकडे सकाळ. "अरे, काल देशी दुकानातून हापूसची पेटी आणली. पेटीवर हिरवं फुलासारखं चिन्ह आहे आणि खाली इंग्रजीत लिहिलंय, विकिरण प्रक्रिया केलेला माल. म्हणजे अणूचंच काहीतरी ना रे? पोरांना देऊ की नको?"

"दे ताई," मी म्हटलं. "आधी तासभर पाण्यात घालून ठेव, मग दे."

तिचं समाधान झालं नाही, आणि तेवढ्यावर होऊही नये. फोनवर अर्धा तास बोललो तरी बरंच सांगायचं राहिलं, ते इथे लिहितो. अणुविज्ञानातलं आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात ते झेंड्यांपुढे उभे राहून हस्तांदोलन करणारे पंतप्रधान. ते सहकार्य रोजच्या रोज कसं चालतं हे कळायला मात्र आंब्याची पेटी जास्त कामाची.

अमेरिकेला आपला आंबा नको होता असं नाही. त्यांना त्यातले किडे नको होते. फळमाशी सालीखाली अंडी घालते. कोयीतला भुंगा तर आत कोयीतच मुक्काम ठोकतो, फळ कापल्याशिवाय त्याचा पत्ता लागत नाही. हा पाहुणा फ्लोरिडाच्या बागांत शिरला तर काय, या धास्तीने भारतीय आंब्याला अमेरिकेचं दार अनेक वर्षं बंद होतं. २००७ मध्ये ते उघडलं, पण एका अटीवर: निघण्याआधी आंब्याला गॅमा किरणांची किमान ४०० ग्रे (ग्रे हे मात्रेचं माप) मात्रा द्यायची. ती सोय तेव्हा होती नाशिक जिल्ह्यात लासलगावला, भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या 'कृषक'मध्ये. कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, याचं ते लघुरूप. गंमत म्हणजे २००२ मध्ये ते सुरू झालं कांद्यासाठी. लासलगाव ही कांद्याची पंढरी. साठवलेल्या कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून ६० ते ९० ग्रेची हलकी मात्रा द्यायची असा बेत होता. बहुतेक शेतकऱ्यांनी आपली कांदाचाळच बरी म्हटलं, आणि केंद्राचं नाव गाजलं ते कोकणातून घाट चढून आलेल्या हापूसमुळे.

आत होतं काय? जाड काँक्रीटच्या भिंतींची एक खोली, आणि तिच्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू भरलेल्या, पेन्सिलीसारख्या लांबट कांड्यांची रांग. आंब्याच्या पेट्या सरकत्या यंत्रणेवरून आत जातात, कांड्यांजवळून फिरतात आणि बाहेर येतात. पेटी उघडावी लागत नाही. या कांड्यांना बंद करायचं बटण नसतं. त्या अहोरात्र किरण सोडतच असतात, काम नसेल तेव्हा त्यांना जाड आवरणाआड न्यायचं, एवढंच हातात असतं. शिवाय दर ५.२७ वर्षांनी त्यांचा जोर निम्मा होतो, म्हणजे वर्षाला साधारण १२ टक्के घट. तेवढीच मात्रा द्यायची तर पेट्यांना यंदा गेल्या वर्षीपेक्षा थोडा जास्त वेळ आत थांबवायचं. चूल मंदावली की भात उशिरा शिजतो, तसंच.

एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल ऊर्जा. किलोभर आंब्याला ४०० ज्यूल मिळाले तर तो तापतो जेमतेम अंशाचा दहावा भाग. हातात धरून बसलात तर त्याहून जास्त तापेल. मग एवढ्याशा ऊर्जेने किडा कसा निकामी होतो? ती सगळीकडे सारखी पसरत नाही, पेशीतल्या डीएनएचे नेमके धागे तोडते. ज्या पेशी भराभर दुभंगून वाढत असतात त्यांना याचा फटका सर्वांत जास्त, आणि अळी म्हणजे अशा पेशींचीच थैली. तयार आंब्याची वाढ संपलेली असते, त्यामुळे त्याला फारसा फरक पडत नाही. (हापूसमधला साका मात्र याने जात नाही. तो किडीचा प्रकार नाही, फळाचाच दोष आहे. त्यावर उपाय निघाला तर रत्नागिरीत मिरवणूक निघेल.)

आणि आंबा किरणोत्सारी होतो का? टॉर्चचा झोत आंब्यावर टाकून विझवला तर आंब्यात उजेड शिल्लक राहत नाही. कोबाल्टच्या गॅमा किरणांत अणूच्या गाभ्याची रचना बदलण्याइतका जोर नसतो. खुद्द कोबाल्ट आंब्याला लागला तर गोष्ट वेगळी, म्हणून तर त्या कांड्या धातूच्या दुहेरी नळीत सीलबंद असतात. हे मी म्हणतो म्हणून ताईने मानायचं कारण नाही. १९८० साली जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था या तिघांच्या तज्ज्ञ समितीने अनेक देशांतले वर्षानुवर्षांचे प्रयोग तपासले आणि १०,००० ग्रेपर्यंतच्या मात्रेने अन्न खाण्याला अपायकारक होत नाही असा निर्वाळा दिला. आंब्याला लागतात त्याच्या पंचविसाव्या हिश्शाइतके. एकट्या कुठल्याही देशाने असा निर्वाळा दिला असता तर बाकीच्यांनी तो मानला नसता. तिघांची एकत्र सही लागली.

जिवंत अळीचं काय करायचं?

खरी मेख पुढे आहे. ४०० ग्रे मिळालेली अळी लगेच मरतेच असं नाही. ती काही दिवस वळवळत राहू शकते, फक्त तिची पुढची पिढी होत नाही. न्यूयॉर्कच्या विमानतळावर निरीक्षकाने आंबा चिरला आणि आत जिवंत अळी निघाली, तर त्याने काय समजायचं? प्रक्रिया झालीच नाही, की झाली आणि अळी निकामी आहे? डोळ्यांनी सांगता येत नाही. आंब्याला वास नाही, डाग नाही, चवीत फरक नाही.

म्हणजे तिथे आंबा तपासून उपयोग नाही, लासलगावला काय झालं ते तपासायला हवं. त्यासाठी पेट्यांमध्ये ठिकठिकाणी मात्रामापक ठेवतात. किरण बसले की त्यांच्यातल्या पदार्थात मोजता येईल असा बदल होतो. पेटीच्या ज्या कोपऱ्यात सर्वांत कमी किरण पोचतात तिथेही ४०० ग्रे भरले पाहिजेत, आणि जिथे सर्वांत जास्त पोचतात तिथे १,००० च्या वर जाता कामा नये, कारण ताज्या फळांसाठी अमेरिकेची ती कमाल मर्यादा. शिवाय प्रक्रिया चालू असताना अमेरिकी कृषी खात्याचा माणूस तिथे हजर पाहिजे, आणि त्याच्या येण्याजाण्याचा, राहण्याचा खर्चही आपल्याच बाजूने सोसायचा. तो कागदावर सही करतो, तो कागद पेट्यांबरोबर जातो, आणि पलीकडचा निरीक्षक आंब्याऐवजी तो कागद वाचतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: अणूच्या क्षेत्रातलं सहकार्य विश्वासावर चालत नाही. जे दिसत नाही ते मोजायचं, त्यावर शिक्का मारायचा आणि दुसऱ्याला पडताळून पाहू द्यायचं, या तीन गोष्टींवर ते चालतं. विश्वास असलाच तर तो त्यातून हळूहळू साठतो, आणि एका झटक्यात जातोही. याचा सर्वांत मोठा धडा आपल्याच अंगणात आहे.

आधी उसनं, मग उलटं

८ डिसेंबर १९५३ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर संयुक्त राष्ट्रांपुढे म्हणाले की अणूचं ज्ञान बॉम्बपुरतं ठेवू नये. वीज, शेती, औषध यांसाठी ते सगळ्यांना मिळावं आणि त्यावर लक्ष ठेवणारी एक जागतिक संस्था असावी. त्यात परोपकार किती आणि शीतयुद्धाचा डाव किती, हा वाद अजून चालतो. माझ्या मते दोन्ही होतं, आणि त्यामुळेच ते टिकलं. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांवर पहिली मोठी परिषद भरली. तोवर गुपित म्हणून कुलपात ठेवलेलं कितीतरी विज्ञान त्या पंधरवड्यात उघड्यावर आलं. अमेरिकी आणि रशियन शास्त्रज्ञ एकमेकांचे आकडे पडताळून पाहत होते. अध्यक्ष होते मुंबईचे होमी भाभा. २९ जुलै १९५७ ला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, म्हणजे आयएईए, अस्तित्वात आली. कचेरी व्हिएन्नाला.

भारत संस्थापक सदस्य, पण गप्प बसणारा नव्हे. संस्थेची घटना ठरत असताना भाभांचा आक्षेप तपासणीच्या पद्धतीवर होता: ज्यांच्याकडे आधीच बॉम्ब आहेत त्यांच्या अणुभट्ट्या मोकळ्या आणि ज्यांनी मदत मागितली त्यांच्याच घराची झडती, हा कुठला न्याय? पुढे १९७० मध्ये लागू झालेल्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर भारताने आजवर सही केलेली नाही, तीही याच कारणाने. लोकांचा इथे घोळ होतो. करारावर सही नसली तरी आयएईएचं सदस्य होता येतं. करार वेगळा, संस्था वेगळी.

आता ट्रॉम्बे, म्हणजे मुंबईतलं आजच्या भाभा केंद्राचं आवार. ४ ऑगस्ट १९५६ ला तिथे 'अप्सरा' ही संशोधन भट्टी सुरू झाली. आराखडा आपला, बांधणी आपली, इंधन मात्र ब्रिटनचं. पाण्याच्या हौदात बुडवलेली ही भट्टी चालू असली की पाण्यात निळसर उजेड दिसायचा. नाव नेहरूंनी दिलं. १९६० मध्ये तिच्या शेजारी 'सायरस' आली: भट्टी कॅनडाने कोलंबो योजनेतून (राष्ट्रकुल देशांची आशियाला मदत) दिलेली, ती चालायला लागणारं 'जड पाणी' अमेरिकेचं. अट होती शांततामय वापराची. पण ती फक्त शब्दांत होती. कोणी येऊन मोजणार, शिक्का मारणार, असं काही त्यात नव्हतं.

१८ मे १९७४ ला पोखरणला स्फोट झाला. त्यातलं प्लुटोनियम, म्हणजे स्फोटाचा माल, सायरसमध्ये तयार झालेलं होतं. भारताचं म्हणणं, हा शांततामय स्फोट आहे आणि करारात स्फोटाला मनाई कुठे लिहिली होती? कॅनडाचं म्हणणं, आमची फसवणूक झाली. शब्दाचा कीस काढला तर आपलं चुकलं नसेलही. पण पाहुण्याने दिलेल्या भांड्यात आपण काय शिजवलं ते सगळ्या आळीला दिसलं होतं. कॅनडाने सहकार्य तोडलं. राजस्थानात रावतभाटाला त्यांच्या मदतीने उभी राहत असलेली दुसरी भट्टी आपल्या लोकांना स्वतःच पुरी करावी लागली. आणि अणुसामग्री विकणाऱ्या देशांनी एकत्र येऊन आपला गट केला, तोच अणुपुरवठादार गट. त्यांनी ठरवलेल्या नियमांनी पुढची जवळपास ३४ वर्षं आपल्याला बाहेरचा युरेनियमही नीट मिळू दिला नाही.

या सगळ्याची सर्वांत लांब झळ बसली ती पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकी कंपनी जनरल इलेक्ट्रिकने बांधून दिल्या. १९६९ पासून त्यांची वीज महाराष्ट्र आणि गुजरातला मिळू लागली. त्यांना लागतो समृद्ध युरेनियम, म्हणजे यू-२३५ हा फुटणारा भाग वाढवलेला. तीस वर्षं अमेरिका तो पुरवणार, असा करार होता. पोखरणनंतर १९७८ मध्ये अमेरिकेने स्वतःचा कायदा बदलला: ज्या देशाच्या सगळ्या भट्ट्या तपासणीखाली नाहीत त्याला इंधन नाही. आपण म्हटलं, करार करार असतो. ते म्हणाले, कायदा कायदा असतो. शेवटी १९८० च्या दशकात अमेरिकेच्या संमतीने फ्रान्सने इंधन दिलं. मग फ्रान्सनेही हात आखडता घेतला. १९९५ मध्ये तेच इंधन चीनकडून आलं. हो, चीनकडून. २००१ मध्ये रशियाने दिलं. एका वीजकेंद्राच्या चुलीसाठी चार देशांच्या दारात उभं राहावं लागलं. जळून झालेलं इंधन परत घेऊन जायला अमेरिका तयार नव्हती आणि ते आपण पुनर्प्रक्रिया करून वापरायलाही तिची संमती नव्हती. मग ते तारापूरलाच पाण्याखाली साठत राहिलं.

या तंट्यात एक गोष्ट मात्र मोडली नाही. १९७१ मध्ये भारत, अमेरिका आणि आयएईए यांचा त्रिपक्षीय करार झाला, तेव्हापासून तारापूरच्या या दोन भट्ट्यांची तपासणी आयएईएचे निरीक्षक करत आले आहेत. इंधन अमेरिकेचं असो, चीनचं असो, व्हिएन्नाहून माणसं येतात, मोजतात, जातात. पुढे त्याच आवारात तिसरी आणि चौथी भट्टी उभी राहिली, संपूर्ण आपल्या बांधणीची, प्रत्येकी ५४० मेगावॅटची. (त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. करारमदारांच्या कागदात त्यांचं नाव सापडत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.) २००६ मध्ये भारताने नागरी आणि लष्करी केंद्रं वेगळी करायची योजना मांडली, तेव्हा तपासणीखाली द्यायच्या १४ भट्ट्यांच्या यादीत पहिल्या दोन होत्या, तिसरी-चौथी नव्हती. एकच आवार, एकच समुद्र, आणि मधून एक न दिसणारी रेघ. निरीक्षकाला रेघेच्या अलीकडे यायचा हक्क, पलीकडे नाही.

ती योजना एका साखळीतली कडी होती. आधी जुलै २००५ मध्ये मनमोहनसिंग आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांचं संयुक्त निवेदन, मग ही योजना, १ ऑगस्ट २००८ ला व्हिएन्नात भारतासाठी खास तपासणी करार मंजूर, ६ सप्टेंबर २००८ ला अणुपुरवठादार गटाने नियमातून दिलेली सूट, ऑक्टोबरात अमेरिकेशी करार. त्यानंतर कझाकस्तान, रशिया आणि चक्क कॅनडाकडून युरेनियम येऊ लागला. कॅनडाच्या कंपनीशी पुरवठ्याचा करार झाला २०१५ मध्ये, रुसव्याला एक्केचाळीस वर्षं झाल्यावर.

आणि आपला आंबा? तोही याच गाडीत बसून आला. मार्च २००६ मध्ये दिल्लीत अणुकराराची घोषणा करताना बुश यांनी पत्रकारांसमोरच सांगितलं की अमेरिका भारतीय आंबे खायला उत्सुक आहे. सगळे हसले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये लासलगावहून प्रक्रिया होऊन निघालेली १५० पेट्यांची पहिली खेप अमेरिकेत उतरली. बदल्यात हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना आपल्याकडे वाट मोकळी झाली. आंब्याच्या बदल्यात फटफटी, असा सौदा एरवी फक्त गावच्या बाजारात ऐकायला मिळतो.

अजून एक धागा दाखवतो. कोबाल्ट-६० निसर्गात मिळत नाही. साधा कोबाल्ट अणुभट्टीत ठेवून न्यूट्रॉनांच्या माऱ्यात मुरवावा लागतो. भारतात हे काम वीज बनवणाऱ्या भट्ट्यांमध्ये होतं, आणि त्याचं एक जुनं, मोठं ठिकाण म्हणजे रावतभाटा. तेच, जिथून कॅनडा अर्ध्यावर उठून गेला होता.

बटणाएवढं कुलूप आणि टपालातली कुपी

निरीक्षक येऊन करतात काय, हे फार कमी लोकांना माहीत असतं. बहुतेक काम कारकुनी आहे. केंद्राने किती इंधन आलं, किती भट्टीत, किती हौदात, याची वही ठेवायची. निरीक्षक वही आणि वस्तू ताडून पाहतात. दोन भेटींच्या मधल्या काळात काही हललं नाही हे कळावं म्हणून कॅमेरे आणि सील.

ही सील बघण्यासारखी असतात. वर्षानुवर्षं वापरात असलेला प्रकार म्हणजे नाण्याएवढी धातूची दोन टोपणं, एकमेकांत घट्ट बसणारी, आणि त्यांतून ओवलेली तार. पिंपाच्या कडीत तार घालायची, टोपणं दाबून बंद करायची. उघडायची तर मोडावीच लागतात. कोणी हुबेहूब दुसरं बनवून लावलं तर? त्यावर उपाय असा की सील पाठवण्याआधी व्हिएन्नात टोपणाच्या आतल्या बाजूला वेडेवाकडे ओरखडे काढतात आणि त्यांचा फोटो घेऊन ठेवतात. काढलेलं सील परत व्हिएन्नाला जातं, उघडतात, ओरखडे फोटोशी जुळवतात. हाताने ओढलेल्या ओरखड्यांची नक्कल कोणाला जमत नाही. अलीकडे जागेवरच पडताळता येणारी नवी सील आली आहेत, पण जुन्या टोपणांतली हुशारी मला जास्त आवडते. किती राखायचं याचंही माप ठरलेलं आहे: ८ किलो प्लुटोनियम, किंवा अतिसमृद्ध युरेनियमातला २५ किलो यू-२३५. एवढं गायब झालं तर त्यातून बॉम्ब बनण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं धरून सगळा हिशेब चालतो.

तपासणीवर लोकांचा राग असतो, कारण ती पोलिसी वाटते. पण हीच पद्धत दवाखान्यात आली की तिचं रूप पालटतं. कॅन्सरच्या रुग्णाला किरणोपचार देताना डॉक्टर मात्रा ठरवतात. यंत्र तेवढीच देतं का? कमी बसली तर गाठ राहते, जास्त बसली तर आजूबाजूचं शरीर होरपळतं, आणि रुग्णाला त्या क्षणी काहीच जाणवत नाही. पुन्हा तेच: दिसत नाही. म्हणून १९६९ पासून आयएईए आणि जागतिक आरोग्य संघटना एक टपालसेवा चालवतात. व्हिएन्नाजवळ सायबर्सडॉर्फ नावाचं गाव आहे, तिथल्या प्रयोगशाळेतून जगभरच्या रुग्णालयांना बोटाच्या पेराएवढ्या कुप्या जातात. आत किरण साठवून ठेवणारी पूड असायची, आता काचेच्या बारीक कांड्या असतात. रुग्णालयातला भौतिकतज्ज्ञ पाण्याच्या टाकीत ठराविक खोलीवर कुपी धरतो, रुग्णाला देतो तशी दोन ग्रे मात्रा तिला देतो आणि टपालाने परत पाठवतो. दोन ग्रे सांगितले आणि फरक पाच टक्क्यांच्या वर निघाला, तर कुठे चुकलं ते शोधायला व्हिएन्ना मदत करते, पुन्हा कुपी येते. चूक कशीही असते. कुठे अंतर चुकीचं धरलेलं, कुठे हिशेबात जुनाच आकडा राहिलेला. आपलं यंत्र बरोबर चाललंय असं मनापासून समजणाऱ्या माणसाला आपली चूक घरबसल्या कळावी, याहून मोठी मदत कोणती? मला विचाराल तर आयएईएचं हे सर्वांत सुंदर काम. कधी पहिल्या पानावर येत नाही.

यंत्रंही अशीच फिरतात. भाभा केंद्राने भाभाट्रॉन हे कोबाल्टवर चालणारं उपचारयंत्र घडवलं. त्याची पहिली उभारणी झाली खारघरला, टाटा स्मारकच्या अॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात. पुढे भारताने आयएईएच्या मार्फत ते व्हिएतनामला भेट दिलं. १९५६ मध्ये ब्रिटनकडून इंधन आणणारा देश इथवर आला. कोबाल्टची यंत्रं जुनाट म्हणून श्रीमंत देशांनी केव्हाच अडगळीत टाकली. पण जिथे वीज दिवसातून चारदा जाते तिथे हेच दणकट यंत्र चालतं.

शेतीत तर देवाणघेवाण इतकी मुरली आहे की कोणाच्या ध्यानातही येत नाही. विदर्भ-मराठवाड्यात भुईमूग लावणाऱ्याला टीएजी-२४ माहीत असतो. टीएजी म्हणजे ट्रॉम्बे-अकोला भुईमूग. किरणांनी बियाण्यात बदल घडवून ट्रॉम्बेने आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने मिळून निवडलेला वाण. असे जगभरातले ३,४०० हून जास्त वाण आयएईएच्या नोंदवहीत आहेत. दुसरीकडे आफ्रिकेत, झांझिबारच्या उंगुजा बेटावर, गुरांना आजारी पाडणारी त्सेत्से माशी याच किरणांनी संपवली. टांझानियाच्या मुख्य भूमीवर टांगाला माशा वाढवायच्या, नरांना किरण देऊन वांझ करायचं, विमानातून बेटावर सोडायचं. तीन-चार वर्षांत ८० लाखांहून जास्त वांझ नर सोडले. माद्या त्यांच्याशी जुगल्या, अंडी फळली नाहीत. १९९७ मध्ये बेट माशीमुक्त जाहीर झालं. आंब्यातल्या अळीला निकामी करायचं आणि नरमाशीला वांझ करायचं, विज्ञान एकच. मात्रा तेवढी वेगळी.

हे सगळं गोड गोड वाटायला लागलं असेल तर रत्नागिरी जिल्ह्यातलं जैतापूर आठवावं. फ्रान्सच्या मदतीने प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या, २०१० मध्ये कराराचा आराखडा. मग विजेचा दर किती, अपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची, आमच्या मासेमारीचं काय, असे प्रश्न उभे राहिले आणि गाडी वर्षानुवर्षं तिथेच रुतून बसली. २०११ मध्ये फुकुशिमा झालं, ते वेगळंच. दोन सरकारांनी एकमेकांना पडताळायची पद्धत सत्तर वर्षांत बसवली. जैतापूरजवळच्या साखरी नाट्याच्या मच्छीमाराने कोणाला आणि कसं पडताळायचं, याची पद्धत अजून कोणी बसवलेली नाही. त्याच्या हाती कुपी नाही की सील नाही. त्याने आंदोलन केलं यात नवल कसलं?

ताईच्या पेटीकडे परत येतो. २०२० आणि २०२१ च्या हंगामात तिला हापूस मिळालाच नव्हता. करोनामुळे अमेरिकेचा निरीक्षक भारतात येऊ शकला नाही, आणि त्याच्याशिवाय प्रक्रिया मान्य नव्हती. कोबाल्ट होता, आंबा होता, विमानंही होती. सही करणारा माणूस नव्हता. २०२२ पासून देखरेखीचं काम टप्प्याटप्प्याने भारताकडे सोपवायचं ठरलं, तेव्हा निर्यात पुन्हा सुरू झाली.

आणि मे २०२५ मध्ये मुंबईहून विमानाने गेलेल्या आंब्याच्या १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाच्या विमानतळांवर अडवल्या गेल्या. प्रक्रियेच्या नोंदीचा कागद नीट नाही, असं कारण दिलं गेलं. निर्यातदार म्हणत होते की प्रक्रिया झाली आहे, कागद तुमच्याच अधिकाऱ्याने दिला आहे. पर्याय दोनच होते: माल भारतात परत न्या, नाहीतर इथेच नष्ट करा. परत आणायचं भाडं मालाहून जड. निर्यातदारांच्या सांगण्यानुसार नुकसान सुमारे ५ लाख डॉलरचं.

त्या आंब्यांना ४०० ग्रे मिळाले होते की नव्हते, हे आंबा बघून कोणालाच सांगता आलं नसतं. सगळे आंबे नष्ट केले.